कळपाचा डोस

बिरूचा हिशेब अगदी साधा होता आणि त्यातच घात झाला. कळपातलं एक मेंढरू धापा टाकायला लागलं की सगळ्या कळपाला औषध पाजायचं. एकट्याला पाजत बसलं की बाकीची मागोमाग आडवी होतात. हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. आता मेंढरं विकून बिरू निमगाव केतकीत डाळिंबाची बाग बघतो, पण डोक्यातला कळप कुठं विकता येतो?

सून मनिषा सातव्या महिन्यातली. तापानं फणफणली, अंग ठणकायला लागलं, खोकला आला की पोट धरून बसायची. बिरूनं तिला त्याच दिवशी इंदापूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "फ्लू आहे. गरोदर बाईला जड जातो, लगेच आणलंत ते बरं केलंत." त्यांनी कॅप्सूलचं पाकीट दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस, आणि ताप उतरला तरी पाकीट संपवायचं. आता सांगा, एवढं सगळं नीट झाल्यावर माणसानं गप बसावं की नाही? पण घरी येतायत तोवर बिरूची बायको तानूबाई शिंकली. नातू शंभूराज नाक ओढत होता. बिरूनं सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि पाकीट फोडलं.

"मामा, डॉक्टर मलाच घ्या म्हणालेत," मनिषा हळूच म्हणाली.

"अगं, तुला एकटीला बरं करून काय उपेग? घरातनं फिरून तुलाच लागंल की. सगळ्यांनी घ्यायचं."

तिनं आपल्या वाटणीची कॅप्सूल घेतली. त्या घरात बिरूच्या मायेला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. तिचा नवरा सूरज ट्रक घेऊन परराज्यात होता, तोही फोनवर म्हणाला, "आबा करत्यात ते बरुबरच आसंल." पाकीट बघता बघता संपलं. मनिषाचा ताप उतरला तसा बिरू मिशीत हसला.

मग ताप उलटला. मनिषाला वाक्य पुरं करता येईना, ओठ काळेनिळे पडले. बारामतीला नेताना जीपमध्ये तिचं डोकं तानूबाईच्या मांडीवर होतं. बिरू पुढं बसून हात जोडत होता, "बिरोबा, माझं काय बी ने, पण पोरीला सोड."

दवाखान्यात डॉक्टर राजलक्ष्मी होत्या, वयानं मनिषाएवढ्याच. त्यांनी आधी ऑक्सिजन लावला आणि मग वळून विचारलं, "फ्लूचं औषध सुरू होतं ना? सगळं घेतलं हिनं?"

तानूबाईनं कोपरानं ढोसलं. "व्हय म्हणा," ती कुजबुजली, "न्हायतर हितनं हाकलून देत्याल."

व्हय म्हटलं की सुटका होती. तेवढ्यात मनिषानं मास्कमधून त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, आणि तेच त्या म्हाताऱ्याला सोसवेना.

"न्हाय बाई. मी वाटलं. समद्या घराला."

"वाटलं? प्रसाद होता का तो?" डॉक्टर भडकल्या. मग स्वतःला आवरून म्हणाल्या, "आबा, हे औषध विषाणूला मारत नाही. विषाणू आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो, तिथं स्वतःसारखे ढिगानं तयार करतो आणि ते बाहेर पडून पुढच्या पेशी धरतात. औषध त्यांना बाहेर सुटू देत नाही, जागच्या जागी अडकवून ठेवतं. तेवढ्या वेळात शरीर त्यांचा निकाल लावतं. पण त्यासाठी औषध रोज अंगात पाहिजे. घरच्यांसाठी हवं होतं तर मागायचं, वेगळं दिलं असतं!"

बिरूला ते लख्ख कळलं. मेंढरं कोंडायला रानात जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. उभा जन्म त्यानं वाघर लावली होती.

"म्हंजे वाघर मीच उचलली," तो पुटपुटला. "आता द्या की वो. आता औषध दिलं तर?"

"नळीतून देतेच आहे. उशीर झालाय, पण उशिरा दिलं तरी थोडा उपयोग होतो. बाळाचे ठोके आहेत. याहून जास्त मी आज काही सांगू शकत नाही."

बिरू भिंतीशी खाली बसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी त्याच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ चटकत होतं. त्याची तपासणी झाली, त्यालाही फ्लूच निघाला. नर्सनं त्याच्या नावाचं वेगळं पाकीट आणलं आणि पहिली कॅप्सूल तळहातावर ठेवली. नर्सची पाठ वळली तशी बिरूनं कॅप्सूल आणि पाकीट दोन्ही बंडीच्या खिशात घातलं.

"आबा, काय केलंत?" डॉक्टरांनी दारातून पाहिलं होतं.

"तिला लागंल की वो! माझी बी तिला घाला. मी म्हातारा, माझं काय जातंय!" आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

डॉक्टर त्याच्यासमोर खाली बसल्या. "तिला तिचा पुरा डोस मिळतोय. तुमचा तिला घालून ती लवकर बरी व्हायची नाही. ही तुमची, तुम्ही गिळा. माझ्यासमोर."

आयुष्यात बिरू कळपाच्या आधी पाणी प्यायला नव्हता. पेला ओठाला लावला तरी घोट उतरेना. "मला गिळवंना, बाई."

"गिळा."

त्यानं गिळली. तोंड उघडून दाखवलं. मग उठून मनिषाला ठेवलेल्या खोलीच्या काचेपाशी गेला आणि काचेवर हात ठेवून म्हणाला, "पोरी, मी घेतली बघ. तू बी घे."

आत मनिषाचा मास्क वाफेनं धुरकट व्हायचा, निवळायचा, पुन्हा धुरकट व्हायचा. मधे जरा उशीर लागला की काचेबाहेर बिरूचा श्वास थांबायचा.