नीळ्ळु राले

आमच्या वस्तीचा रस्ता खोदायला घेतला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. एवढे आम्ही शहाणे! नगरपालिकेचं म्हणणं, डांबर टाकायच्या आधी पाण्याचा पाइप टाकू, म्हणजे पुन्हा खोदायला नको. ऐकायला किती छान. मग पाइप अडला, कारण टाकीची जागा ठरेना. टाकी अडली, कारण हैदराबादहून मंजुरी येईना. दोन उन्हाळे गेले. रस्त्याच्या मधोमध पुरुषभर खोल चर तसाच पडून होता. आदिलाबादच्या उन्हात आम्ही अलीकडे आणि वस्तीचा एकुलता एक नळ पलीकडे.

वस्तीतल्या उत्तमरावांनी जुन्या घराचं दार काढून चरावर आडवं टाकलं होतं. त्यावरूनच सगळ्यांची ये-जा. दाराची कडी वरच्या बाजूला राहिली होती, ती चुकवून पाय टाकायचा, एवढं लहान पोरांनाही ठाऊक होतं.

माझ्या शेजारी भागीरथाबाई. मुलगा चंपत मंचेरियलला कोळशाच्या खाणीत, घरी ही आणि नवी सून रुख्मिणी. रुख्मिणी पैनगंगेपलीकडच्या खेड्यातली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि सातवा महिना लागला होता. सासू तिला चराकडे फिरकू देत नसे, स्वतःच घागरी वाहायची. नातवंडाची नावं तिनं ठरवूनच ठेवली होती, मुलाचं एक, मुलीचं एक.

त्या दिवशी भागीरथाबाई तापानं फणफणली होती. घरात प्यायलाही पाणी उरलं नव्हतं. सकाळी नळावरचा मल्लय्या आला. पाणी सोडणं हे त्याचं काम, आणि चर ओलांडायचा कंटाळा म्हणून पलीकडूनच ओरडायची त्याची रीत. मोठी लाइन फुटली होती. तो ओरडला, "नीळ्ळु राले!"

म्हणजे तेलुगूत, पाणी आलं नाही. वस्तीनं भांडी खाली ठेवली आणि पालिकेच्या नावानं बोटं मोडली. रुख्मिणीनं मात्र घागर उचलली. नीळ्ळु म्हणजे पाणी, एवढं तेलुगू तिला आलं होतं. आणि राले? ते तर तिच्याच बोलीतलं! माहेरी पाव्हणे येऊन राले, ढोरं येऊन राले. पाणी येऊन राह्यलं, असंच मल्लय्या सांगतोय, असं तिला वाटलं.

गर्दी व्हायच्या आत सासूसाठी घागरभर पाणी आणावं म्हणून ती झपाझप निघाली. मी ओट्यावर बसलो होतो. "अवो सूनबाई, पाणी नाई आलं!" असं ओरडेपर्यंत तिचा पाय कडीत अडकला होता.

चरातून तिला वर काढायला चौघे लागले. रिक्षा आत येणं शक्यच नव्हतं. बाजेवर घालून, शेतातून वळसा घालत सडकेपर्यंत न्यावं लागलं. बाजेखाली धुळीत रक्त ठिबकत होतं आणि मी पालिकेला, टाकीला, हैदराबादला शिव्या देत चाललो होतो. खरा संताप आमच्या त्या टाळ्यांचा येत होता.

तो चर पुढे आठवड्यातच बुजवला, पाइप न टाकता. वर डांबरही ओतलं. कधीतरी पाइप येईल तेव्हा तेच डांबर फोडतील.

ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. लेकरू वाचलं नव्हतं. भागीरथाबाई तापातच सुनेच्या खाटेला टेकून बसली होती.

"काऊन गेली वं माय तू? तो वरडून राह्यला होता ना, राले म्हून?"

"म्हून तं गेली, आत्याबाई. येऊन राले म्हणे ना तो."

म्हातारीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "तेलगूत राले म्हंजे नाई आलं, पोरी. नाई आलं."

रुख्मिणीनं ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हणून पाहिला.

शेजारच्या खाटेवर एक तेलुगू आजी, लेकीच्या बाळंतपणाला आलेली, नातवाला मांडीवर थोपटत होती. तिनं रुख्मिणीकडे पाहून मायेनं विचारलं, "बिड्डा?"

बिड्डा म्हणजे काय, ते रुख्मिणीला त्या मांडीकडे पाहूनच कळलं. तिनं पोटावरचा पदर नीट केला.

"राले," ती म्हणाली.