कुंपणाजवळची साखर

कुंपणाकडची साखर थोरलीनं मुंग्यांसकट सुपलीत ओढली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. रोज सकाळी आपला दीर मूठभर साखर तिथं टाकतो, हे तिनं खिडकीतून पाहिलं होतं. बोलली मात्र नव्हती. चोराला हाक मारून कुणी पकडतं का?

मागे रोपवाटिकेत कुंडी उचलताना तिच्या नवऱ्याला लाल मुंग्या डसल्या होत्या. बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. "या खेपेला वाचले," डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या वेळी एक मुंगीही पुरे." ते ऐकायला धाकटा दीर शेजारीच उभा होता. रोपवाटिका दोघा भावांच्या नावावर. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आठवडाभर ती साखर गुपचूप उचलत राहिली. आणि आज नवऱ्याच्या उशाशी लाल रांग दिसली.

"अहो, उठा! हलू नका!"

"उठू की हलू नको? एक काय ते ठरव."

तिनं त्याला दंडाला धरून खेचलं. आरडाओरडा ऐकून धाकटा धावत आला. रांगेचा माग काढत खिडकीतून थेट कुंपणापर्यंत गेला आणि परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, तिथली साखर नाहीशी झालीय. वारुळावर औषध मारलं की या फुटून चहूकडे पळतात. म्हणून मी तिथंच त्यांचं पोट भरत होतो. घराकडे फिरकायला नकोत."

"मुंग्यांची खानावळ! मला बोलला नाहीस ते?"

"हसला असतास."

"बरं, मग साखर गेली कुठं?"

धाकट्याची नजर दाराशी टेकवलेल्या सुपलीवर गेली. तिच्या कडेला ओले दाणे चिकटले होते. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं.

"पाखरांनी वेचली असेल," तो म्हणाला.

नवऱ्यानं मान डोलावली आणि तो तोंड धुवायला गेला.

आपल्याला सांभाळून घेतलं, हे तिला कळत होतं. पण सख्ख्या भावाच्या तोंडावर, पापणीही न लवता, किती सफाईनं खोटं बोलला!

गादी उन्हात घालायला धाकट्यानं दुसरं टोक उचललं.

"राहू द्या भावजी," ती म्हणाली, "मी करते."

ती एकटीच गादी ओढत अंगणात गेली आणि साखरेचा दाणा कुठं दिसतो का, शिवण न् शिवण उलटून पाहू लागली.