ओकायचं नाही, भावजी

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, सुतार. त्या दिवशी घरचंच दार तासत होते. घामाघूम झाले, ओट्यावरची बाटली उचलली आणि तोंडाला लावली. एक घोट गेला आणि त्यांनी गळाच धरला.

बाटलीत पाणी नव्हतं. मोठा डबा जड म्हणून ताईने त्यातलं तुंबलेली मोरी मोकळी करायचं औषध सकाळीच पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं.

मी तिची धाकटी बहीण, सतरा वर्षं इस्पितळात वॉर्डात काम करते. सुट्टी होती म्हणून नुकतीच येऊन टेकले होते. ताई धावत मिठाचं पाणी घेऊन आली.

"प्या! ओकून टाका सगळं!"

मी पेला हिसकावून ओतून दिला. "ओकायचं नाही, भावजी. जाताना जाळलंय, वर येताना पुन्हा जाळेल."

"मग लिंबू तरी?" ताई रडकुंडीला आली होती.

"लिंबू नाही, काही नाही. चुळा भरा, गिळू नका."

त्यांच्या हनुवटीवर सांडलेलं साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. नळाखाली धरून धुतलं, शर्ट काढला. शेजारच्या शिंपिणीने गाडी काढली. मी मूळ डबा काखेत मारला आणि आम्ही इस्पितळ गाठलं.

"काय प्यायलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी डबा टेबलावर ठेवला.

"एक घोट. वीस मिनिटं झाली. ओकू दिलं नाही."

त्यांनी लेबल वाचलं. "छान. आमचा निम्मा वेळ वाचवलात."

नळीतून कॅमेरा घालून पाहिलं. अन्ननलिका दोन ठिकाणी भाजली होती, पण भोक पडलं नव्हतं. चार दिवस तोंडाने काही नाही, नुसतं सलाईन.

बाहेर बाकावर ताई म्हणाली, "मीच जीव घेतला असता गं त्यांचा."

"घेतला नाहीस ना? मग डोळे पूस. आजपासून औषध त्याच्याच डब्यात, तेही कुलपात."

महिन्याने तपासणीला ताई-भावजींबरोबर मीही गेले. नलिका आकसली नव्हती. तरी दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं होतं.

"तिखट कधी?" भावजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"दोन महिने तरी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग हिलाही सांगा, तोवर माझ्याशी गोड बोल म्हणावं."

महिनाभर न हसलेली ताई तिथेच खो खो हसत सुटली, आणि हसता हसता त्यांची बाही घट्ट धरून रडली.