सूत संपेपर्यंत विणलेला टॉवेल

मी बोलतोय. तसं बोलतेय किंवा बोलतंय म्हटलं तरी चालेल, कारण मला बघून कोणी टॉवेल म्हणतं, कोणी चादर, कोणी फडकं. पण मागावर चढलो तेव्हा मी टॉवेल होणार होतो, म्हणून 'बोलतोय'वरच थांबू.

मला विणणाऱ्या बाईंना मी वन्सं म्हणतो, कारण घरात दिवसभर तीच हाक ऐकू येते. हाक मारते त्यांची वहिनी. वन्सं हातमागावर लोकांना शाली नि गळपट्टे विणून देतात. प्रत्येक कामातून थोडं सूत उरतं, आणि ते टाकायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. पोटात एकच. बाकीचे गोळे घरभर. चहाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, दादांच्या बुटात. दादा म्हणजे वन्संचे भाऊ, वहिनीचा नवरा. अतिशय सोशिक माणूस. एकदा पाय सुजला म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी बूट काढला, आतला गोळा त्यांच्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मग एके दिवशी वहिनीने कुकर उघडला.

"वन्सं, भात निळा झालाय."

"कच्चा रंग असणार," वन्सं म्हणाल्या. "बरं झालं आधीच कळलं."

वहिनीने झाकण शांतपणे ओट्यावर ठेवलं. तिथेच सगळ्यांना कळलं, की आता काही खरं नाही.

"रविवारी अण्णा जेवायला येतायत, टेम्पो घेऊन. तोवर हे सगळं सूत संपलं, आणि त्यातून घरात वापरता येईल असं काही झालं, तर माग राहील. नाहीतर अण्णांना पुस्तकांच्या नव्या कपाटासाठी लाकूड हवंच आहे."

अण्णा म्हणजे वहिनीचे थोरले भाऊ. इतके शिस्तीचे, की त्यांच्यासमोर वहिनी आजवर मोठ्याने हसलेली नव्हती.

वन्सं मागावर बसल्या त्या बसल्याच. उभे धागे संपत आले की नवे गाठ मारून जोडायच्या, आडव्यासाठी हाताला लागेल तो रंग. हिरव्याला लागून जांभळा, जांभळ्याला लागून एका गिऱ्हाइकाने नाक मुरडून परत केलेला, ज्याला अजून नाव सापडलेलं नाही. टॉवेलाइतका झालो तरी सूत होतंच. चादरीइतका झालो तरी होतंच. कापायला वेळ कुणाला होता?

रविवारी दाराची घंटा वाजली तेव्हा एक गोळा उरला होता.

"वापरात दिसला पाहिजे ना?" दादा कुजबुजले. "टेबलावर घालू. तू आत विणत राहा."

विणलेलं कापड ज्यावर गुंडाळतात, त्या मागाच्या गोल दांड्याला वन्संनी मला मधेच टाचलं. माझा विणून झालेला भाग दारातून बाहेर गेला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. आता दांडा फिरला की मी दोन्हीकडून गुंडाळला जाणार होतो. हे मला दिसत होतं. पण मला कोण विचारतं?

अण्णा बसले, शेजारी त्यांची बायको. वहिनीने सूप वाढलं. आत वन्संनी चार बोटं विणून सवयीने दांडा फिरवला. अण्णांचा चमचा टेबलावर टेकला, कारण वाडगा पुढे गेला होता.

अण्णांनी वाडग्याकडे पाहिलं. वाडगा स्थिर होता. त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. पुन्हा दांडा फिरला. अण्णांनी पुन्हा खुर्ची सरकवली. शिस्तीचा माणूस, परक्या घरी तक्रार कशी करणार? मिठाची बाटली नि पाण्याचा तांब्याही त्यांच्यासोबत निघाले. दादांना ठसका लागला. वहिनी ताटाकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

शेवटी टेबलाची कड आली. अण्णांनी वाडगा उचलला आणि माझ्या कडेकडेने चालत आतल्या खोलीत गेले.

"हे तुम्ही ओढताय?"

वन्संचे हात थांबले. "अगं बाई. हो."

"मग माझं सूप संपेपर्यंत थांबा."

त्यांनी स्टुलावर बसून सूप संपवलं. मग वाडगा खाली ठेवून म्हणाले, "हं, चालू द्या." वन्संनी शेवटचा धागा ओढला. गोळा संपला.

बाहेर वहिनी हसत होती. मोठ्याने, टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अण्णा दारात येऊन बघत राहिले. "ही अशी हसते होय?" त्यांनी दादांना विचारलं. टेम्पो रिकामा परत गेला.

नंतर वन्संनी मला कापलं. आता मी थोडा टेबलावर असतो, थोडा न्हाणीघराच्या खुंटीवर, आणि थोडा दारात पायपुसणं म्हणून. या दारातल्या भागानेच परवा तोच टेम्पो पुन्हा येताना पाहिला. त्यातून अण्णांची बायको उतरली. त्या जेवणात ती एक शब्द बोलली नव्हती. टेम्पोत खच्चून भरलेली पोती होती.

"आमच्याकडेही जरासं सूत उरलं होतं," ती म्हणाली. "यांना कपाटात पुस्तकंच ठेवता येईनात."

वहिनीने दार उघडलं होतं. तिने पोत्यांकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मग उघडलं. म्हणाली, "कुकरमध्ये नाही, एवढंच."

मंडळी, तुमच्याही घरी उरलेलं सूत असेल, तर जरूर विणा. पण मधूनमधून कापत चला, मला लाभला तसा लांब जन्म कुणाला नको. आणि इकडे कधी आलात, तर पाय माझ्यावर खुशाल पुसा. जरा डाव्या बाजूला पुसा. उजवीकडे गुदगुल्या होतात.