पेंडल्टनसाहेबांच्या निकालातलं एक वाक्य

न्यायमूर्ती पेंडल्टन यांचा एक जुना हट्ट होता: जिवंत लेखकाचा आधार निकालपत्रात घ्यायचा नाही. जिवंत माणूस उद्या मत बदलतो, मेलेला बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या न्यायाधीशांनी ही रीत कधीच मोडीत काढली होती, पण पेंडल्टन म्हणतील ती पूर्व दिशा. त्यामुळे आन्सेल्म थेरियोंनी मॉन्क्टन शहरातल्या वकिलांच्या मासिकात एकतीस वर्षं त्यांच्या निकालांवर भाष्य लिहिलं, तरी निकालात त्यांचं नाव काही आलं नाही.

आस मात्र सुटली नव्हती. नवा निकाल हाती पडला की आन्सेल्म आधी तळटीपा वाचायचे. त्यांचा लेख टाइप करायला बसलेली बायको, ओदिल, मान वर न करता विचारायची,

"आलं का हो?"

"नाही."

"मग मरा की एकदाचे! पण आधी जेवून घ्या, कोंबडीचा रस्सा निवतोय."

मेली ती. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. आन्सेल्मनी लिहिणं सोडलं. टाइपरायटरवरचं कापड काही त्यांनी काढलं नाही.

मंगळवारी सकाळी मिरेयचा फोन आला. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पेंडल्टनसाहेबांच्या कचेरीत होती.

"सर, बसलाय ना? निकालात तुमचं नाव आलंय. 'दिवंगत आन्सेल्म थेरियो.'"

"दिवंगत?"

"तुमचं सदर बंद झालं आणि त्याच अंकात थेरियोंच्या घरच्या निधनाची काळी चौकट. साहेबांनी चौकटीतलं नाव नीट वाचलंच नाही. आता तुम्ही जिवंत आहात असं मी सांगितलं, तर ते तुमचं नाव काढणार." तिने आवाज खाली आणला. "नाही सांगितलं, तर कुणाला कळतंय? निकाल पाठवते. दुपारी फोन करा."

आन्सेल्मनी निकाल वाचला. नवरा वारल्यावर घरमालकाने एका म्हातारीला बाहेर काढायला नोटीस दिली होती, कारण भाडेकरारावर नाव एकट्या नवऱ्याचं. साहेबांनी तिला घर ठेवू दिलं होतं. प्रांतातल्या, करारावर नाव नसलेल्या कितीतरी बायकांना आता हा निकाल दाखवता येणार होता. आणि मधोमध, अवतरणात, ते वाक्य: 'चाळीस हिवाळे जिने दारातला बर्फ उपसला, तिला परकी म्हणताना कायद्याची जीभ जरा तरी अडखळावी.'

ओदिलने लेखात घातलेलं हे वाक्य आन्सेल्मनी दोनदा खोडलं होतं. 'हे कायद्याचं लिखाण आहे, शेजारणींच्या गप्पा नाहीत,' म्हणून ओरडले होते. ओदिलने निमूट मान डोलावली आणि पक्की प्रत टाइप करताना वाक्य परत घातलं. अंक छापून आल्यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. ते दोन दिवस आता कुठून परत आणायचे?

एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते नाव समोर होतं. गप्प बसलं की झालं. पण आलं का हो, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं, आणि त्यांना तर तेवढंच ऐकायचं होतं.

दुपारी त्यांनी फोन लावला.

"मिरेय, साहेबांना सांग, मी जिवंत आहे."

"सर, नाव जाईल हो!"

"जाऊ दे. वाक्य माझं नाहीच, ओदिलचं आहे. तिचं नाव घालायला सांग. साहेबांचा नियमही मोडत नाही. ती आता मत बदलायची नाही."

पलीकडे मिरेयने नाक ओढलं आणि नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.

गुरुवारी दुरुस्त केलेली प्रत आली. सवयीने त्यांनी आधी तळटीप वाचली. मग टाइपरायटरपाशी गेले, त्यावरचं कापड काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आलं गं," ते म्हणाले.