टाकीवरची लाल चांदणी

मोहर्लीच्या एका रिसॉर्टात मी पाहुण्यांना आभाळ दाखवतो. वाघ दाखवणारे वेगळे. वाघ नाही दिसला तर पाहुणे चिडतात; चांदण्या कुठं पळून जात नाहीत, म्हणून मालकाने जेवणानंतर हा कार्यक्रम ठेवला. मी बारावी नापास. जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरून. पण हिरवा लेझर वर धरून बोलायला लागलो की नागपूरचे डॉक्टरसुद्धा मला 'राजदीप सर' म्हणतात. ते 'सर' माझ्या डोक्यात चढलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

माझी माय सत्यशीला गावात एकटी राहते, रिसॉर्टपासून बावीस किलोमीटरवर. मधे जंगल. तिची सव्वीस वर्षं चंद्रपूरजवळ वीटभट्टीवर गेली. शेजारच्या कोळसा खाणीचा भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. काट्याचं घड्याळ तिला वाचता येत नाही, आणि आभाळ वाचायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना चांदण्या समजत होत्या त्या मेल्या. बाकीच्यांच्या हातात मोबाइल आले. मायच्या हाती दोन्ही नाही.

मोहफुलं पहाटे वेचावी लागतात. उशीर झाला की हरणं खातात, अस्वल खातं. फार लवकर गेलं तर वाघ. वाकून वेचणारा माणूस त्याला चार पायांचं जनावर दिसतो. म्हणून घर अंधारात सोडायचं, पण झाडाखाली उजेड पडल्यावरच वाकायचं. हा हिशेब चुकवायचा नसतो.

होळीनंतर आठ दिवसांनी मी घरी होतो. निघायच्या दिवशी माय म्हणाली, "बाबू, तू चालला. मले टाइम कसा समजन?"

मोबाइलमध्ये पहाटेचे पाच वाजले होते. दक्षिणेला पाण्याच्या टाकीच्या बरोबर डोक्यावर वृश्चिकाची, म्हणजे विंचवाची लाल चांदणी होती. मी तिला बोट दाखवलं. "थे टाकीवर आली का पाच वाजले समज. टोपली उचल अन् निंघ."

"अन् थे रोज तिथीच येते?"

"रोज. चांदण्या हालत नाई माय, आपली पृथ्वी फिरते. फिरत्या जात्यावर मुंगी बसली त तिले वाटते घरच फिरून राह्यलं. तसंच हे."

शेजारची सोनीबाई कुंपणाला टेकून उभी होती. मायची जुनी मैत्रीण, कानानं जड, म्हणून बोलते ती ओरडूनच. "काय वो सत्यशीला! पोरानं आभाळात घड्याळ लावून देल्लं का?"

"मंग! पोरगा चांदण्यांचा मास्तर हाय माझा," माय म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की मला अर्धवट सांगितल्याची शंकासुद्धा आली नाही.

नंतर महिनाभर सुट्टी नाही. एकदा अंगणवाडीच्या रश्मीताईच्या फोनवरून माय बोलली. "बाबू, आजकाल उजेड लई उशिरा पडून राह्यला. झाडाखाली बसूनच राहा लागते."

उन्हाळ्यात उजेड उशिरा कसा पडेल? मी हसलो. "म्हातारी झाली तू. झोप नाई येत तुले. बस थोडी वाट पाहत."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं.

दहा एप्रिलला रात्री पावणेअकरा वाजता मी आठ पाहुण्यांना आभाळ दाखवत होतो. आग्नेयेला झाडांवर लाल चांदणी चढली होती. वर्ध्याच्या एक निवृत्त शिक्षिका दुसऱ्यांदा आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणाला होता, विंचू पाहायचा तर बारा वाजेपर्यंत जागा. आज इतक्या लवकर कसा?"

मी तयारच होतो. "मॅडम, पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही चालते. त्यामुळे प्रत्येक चांदणी रोज चार मिनिटं लवकर उगवते. चंद्र उलटा, रोज पाऊण तास तरी उशिरा. चार मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण महिन्याचे झाले पूर्ण दोन..."

तास हा शब्द बाहेर आला नाही.

दोन तास. टाकीवर पाच वाजता येणारी चांदणी आता तीनला येते. माय तीनला घर सोडते. रोज चार मिनिटं लवकर, रोज चार मिनिटं जास्त अंधारात, मी सांगितलं म्हणून. आणि साडेतीनपासून झाडाखाली वाट पाहत बसते, की उजेड काऊन पडत नाई.

लेझर मॅनेजरच्या हातात कोंबला. "कुठं निघालास? पाहुणे बसलेत!" तो ओरडला. बसू दे. रश्मीताईचा फोन बंद. गावात दुसरा नंबर लागेना. आचाऱ्याची मोटारसायकल घेतली आणि साडेअकराला जंगलाच्या नाक्यावर पोचलो. आडवा दांडा, त्याला कुलूप.

"रामाजीभाऊ, खोल!"

रामाजी चौकीदार खाटेवरून उठला. "पागल झाला का बे? पिलंवाली वाघीण रस्त्यावर बसून राह्यली. काल एका गाडीमागं लागली. फॉरेस्टची जीप आल्याबिगर कोणालेच सोडत नाई मी."

"माय तीन वाजता मोहावर जाते!"

"तीनले? कोण्या गाढवानं सांगतलं तिले तीनले जायाले?"

मी दांड्याला धरून उभा राहिलो.

"सांग ना, कोणं?"

"म्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. वायरलेसवर जीपला बोलावत राहिला. बारा वाजले, एक वाजला. पूर्वेला अर्धा चंद्र वर आला. चांदणी दक्षिणेकडं सरकत होती. रोज पाहुण्यांना मी सांगतो की ती सरकत नाही. त्या रात्री मी तिच्यापुढं हात जोडले. आमच्या घरात देवापुढंही कोणी हात जोडत नाही. मी तिला म्हणालो, थांब माये, एक रात थांब. ती थांबली नाही. थांबणार कशी ती? मी ज्या जमिनीवर उभा होतो तीच फिरत होती, मला घेऊन.

जीप सव्वादोनला आली. तिच्या मागोमाग गावात पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. चांदणी टाकीच्या पुढं गेली होती. मायची खाट रिकामी.

धानाच्या बांध्यांतून जीप जात नव्हती, ती लांबच्या रस्त्यानं वळली. मोबाइलचा टॉर्च लावून मी आमच्या मोहाकडं धावलो. चंद्राचा उजेड होता, पहाट व्हायच्या आधीसारखा फिकट. त्या उजेडानंही तिला फसवलं असणार.

"मायवो! माय!"

"काऊन बोंबलून राह्यला बे?" झाडाखालून आवाज आला. माय बुंध्याला पाठ लावून बसली होती. टोपली रिकामी. "तू कसा काय आला?"

मी तिला धरलं. "माय, पाच नाई वाजले. पाऊणेचार होऊन राह्यले. चांदणी रोज जराशी लवकर येते."

"तूच म्हणे ना, चांदण्या हालत नाई, पृथ्वी फिरते?"

"हो."

"मंग मले दगा कोणं देल्ला? पृथ्वीनं?"

"म्या देल्ला माय. उठ. घरी चाल."

ती उठली नाही. माझं मनगट पकडलं. "सोनीबाई," ती म्हणाली. "नाल्यापल्याड तिच्या झाडाखाली हाय. तिले बी तुझीच चांदणी देल्ली ना आपण. संगंच निंघालो घरून."

त्या पहाटे सोनीबाई कुंपणाला टेकून उभी होती, हे मी महिनाभर विसरलो होतो. नाक्यावरही विसरलो होतो.

तेवढ्यात नाल्यापलीकडं सांबर ओरडलं, वाघ दिसला की ओरडतं तसं. एकदा. मग परत, जवळून.

"सोनीमावशी!" मी ओरडलो. माय ओरडली, घसा फाटेपर्यंत. सोनीबाई कानानं जड. आम्ही दोघं नाल्यात उतरलो, दगड घेऊन, टोपली बडवत, तोंडाला येईल ते ओरडत. वर चढलो तर मोहाखाली तिची टोपली सरळ ठेवलेली होती. आत मूठभर फुलं. ती वाट पाहत बसली नव्हती. तिनं वेचायला सुरुवात केली होती. तिला वाटलं, आज उजेड लवकर पडला.

चप्पल एक होती. दुसरी दहा पावलांवर. तिथून पुढं मी मायला पाहू दिलं नाही.

सकाळी पंचनामा झाला. वनखात्याचा लिहिणारा गृहस्थ खुर्चीवर बसून विचारत होता, "रात्री तीन वाजता जंगलात काय काम होतं बाईला? तुम्ही लोक ऐकतच नाही." त्यानं लिहिलं, मयत स्वतःच्या मर्जीने रात्री जंगलात गेली.

"खोड थे," मी म्हणालो.

"काय?"

"रात्री नाई गेली थे. पहाटे पाचले गेली. थे पाच म्या शिकवले होते. माझं नाव लिही."

त्यानं पेनचं टोपण लावलं. असा रकाना त्याच्या कागदावर नव्हता.

माय पायरीवर बसली होती, सोनीबाईची टोपली मांडीवर घेऊन. फुलं सुकायला लागली होती. तिनं मला विचारलं, "बाबू, आता मी टाइम कोणाले इचारू?"