पाणी हललं, रेघ नाही

"अहो तारकाका, चकती मेलीय हे पाहुण्यांना सांगणार कोण? परवाचं रेकॉर्डिंग लावा आणि हसतमुखाने उभे राहा."

प्रयोगशाळेचे साहेब पेपरमिंटची गोळी घोळवत बोलत होते. समोर काचेच्या वाटीत उंदराच्या मेंदूची पातळ चकती होती. तिला जगवणारं खारं पाणी फिरवणारा पंप रात्रीच बंद पडला होता. आता वाटीवर वाकलं की कुजका वास नाकात शिरत होता. तारकाकांना त्याहून त्या पेपरमिंटचीच शिसारी आली.

पण निवृत्तीनंतर वर्षभर ठेवून घेण्याचा त्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीविना पडला होता आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर परवाच्या जिवंत चकतीची रेघ टुणटुण उडू लागली.

यंत्रांसाठी देणगी देणारे पाहुणे आले, मागोमाग शाळेची मुलं. मुलं दिसली की तारकाकांची जीभ आपोआप सुटायची.

"ही काचेची सुई केसाहून बारीक. पेशी बोलली की रेघ उडते. टेबलाला धक्का लावायचा नाही हं! बाहेरून ट्रक गेला तरी रेघ थरथरते."

तेवढ्यात मागून रेटा आला आणि दोन वेण्यांच्या मुलीचं कोपर टेबलावर आपटलं.

"काका, वाटीतलं पाणी हललं. रेघ नाही हलली."

"टेबल परदेशी आहे, धक्का सुईपर्यंत जाऊच देत नाही, बेटा!" साहेब हसले. पाहुणेही हसले. शाळेच्या बाईंनी डोळे वटारले.

मुलगी ओशाळली. "मलाच नीट दिसलं नसेल."

तारकाकांनी वाटीकडे पाहिलं. ही घाण आपल्याच हातची होती.

"नीट दिसलं तुला," ते म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. पडद्यावर सपाट रेघ उरली. "मघाची रेघ परवाची होती. ही चकती मेलीय. ये, बोट सुईजवळ आण. टेकवू नकोस."

रेघ सुरवंटासारखी फुगली.

"माझी पेशी बोलतेय?"

"नाही गं. भिंतीतल्या तारांमधल्या विजेचा गोंगाट आहे हा, तुझ्या बोटावरून आत शिरतोय. तो अडवायला तर ही तांब्याची जाळी लावलीय."

"पण हे खरंय ना?"

"हे खरंय."

मग प्रत्येकालाच बोट न्यायचं होतं. ढकलाढकली सुरू झाली. पाहुणे घड्याळ बघत निघून गेले.

खोली रिकामी झाल्यावर साहेबांनी गोळी कडकन चावली. "उद्या किल्ल्या देऊन जा. मुलांना शिकवायची हौस घरी भागवा."

तारकाकांनी मान हलवली. चकती टाकून वाटी नळाखाली धरली, साबणाने घासली आणि नाकाशी नेली. वास गेला नव्हता. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि ती पुन्हा घासायला घेतली.